प्रयोगशाळेतले किरणोत्सारी पदार्थ: नेमकी काळजी कशाची घ्यायची?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी,

लवकरच मी एका संशोधनगटात रुजू होतेय. तिथे अँटिबॉडींना आयोडीन-१२५ जोडतात आणि त्या शरीरातल्या गाठीपर्यंत पोचतात की वाटेतच यकृतात अडकतात हे तपासतात. शेजारच्या बेंचवर दुसरा गट फॉस्फरस-३२ वापरतो. सुरक्षेचं प्रशिक्षण झालं, लेखी परीक्षा झाली, अंगावर पडणारा किरणोत्सर्ग मोजणारा बॅजही मिळाला. पण प्रशिक्षणात मिळाली ती भलीमोठी यादी: हे करा, ते करू नका. त्यामागची कारणं फार थोड्या नियमांची कळली. घरचे म्हणतात, दुसरं काही काम बघ. लॅबमधले जुने लोक म्हणतात, इतकी वर्षं करतोय, काही होत नाही. घरच्यांची काळजी मला समजते, जुन्यांचा अनुभवही मी मोडीत काढत नाही. पण यातल्या कुणाच्याच भरवशावर मला हातात व्हायल घ्यायची नाही.

काम सोडायचा विचार मात्र नाही. या पदार्थांनी आरोग्य-संशोधनाला काय दिलंय ते वाचलं की ते सोडवत नाही. जॉर्ज हेवेशीने १९२३ मध्ये वनस्पतींत किरणोत्सारी शिशाचा माग काढला आणि सजीवाच्या आत एखादं मूलद्रव्य कुठून कुठे जातं हे प्रथमच पाहता आलं. १९५२ मध्ये हर्शी आणि चेस यांनी विषाणूच्या डीएनएला फॉस्फरस-३२ आणि प्रथिनाच्या कवचाला सल्फर-३५ लावून आनुवंशिकतेचा वाहक कोण ते दाखवलं. किती साधी युक्ती! प्रथिनात फॉस्फरस जवळजवळ नसतो आणि डीएनएत सल्फर नसतो. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं इन्सुलिन वापरून रक्तातलं अत्यल्प इन्सुलिन मोजून दाखवलं. त्या पद्धतीसाठी यालो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते.

मला इथल्या जाणकारांकडून तीन गोष्टी हव्यात. बॅजवर काही उमटलं नाही म्हणजे मी सुरक्षित असं धरायचं का? प्रत्येक समस्थानिकाला, म्हणजे आयोडीन-१२५, फॉस्फरस-३२ अशा एकेका प्रकाराला, वेगळे नियम का? आणि किरणोत्सर्गाच्या अगदी कमी मात्रेने काय होतं, हे खरोखर माहीत आहे की अंदाजच चालू आहेत?

गायगर

कोरा_कागद, मी किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी म्हणून काम करतो. तुमचा पहिला प्रश्न नवीन आलेल्या प्रत्येकाने विचारायला हवा, पण फारच थोडे विचारतात.

बॅज मोजतो बाहेरून अंगावर पडलेला किरणोत्सर्ग, आणि तोही त्याला दिसेल तेवढाच. ट्रिटियमचा, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनचा, बीटा कण हवेत जेमतेम ६ मिलिमीटर जातो, त्यामुळे बॅजच्या आवरणातूनही तो आत शिरत नाही. कार्बन-१४ आणि सल्फर-३५ यांचंही जवळपास तसंच. आणि आयोडीन श्वासातून आत जाऊन थायरॉइडमध्ये बसलं, तर छातीवर लावलेला बॅज ते सांगणार नाही. शेकोटीपासून दूर सरकता येतं, पण गिळलेल्या निखाऱ्यापासून कुठे पळणार? तुमच्या कामात धोका मुख्यतः या दुसऱ्या प्रकारचा आहे.

जगाला हे शिकवलं ते घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या तरुण मुलींनी. १९१७ नंतर अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या ऑरेंज या गावी आणि इतरत्रही, रेडियम मिसळलेल्या चमकत्या रंगाने आकडे काढायचं काम चालायचं. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला शिकवलं जाई. रेडियम रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमचं भावंड आहे. शरीर त्याला हाडांत नेऊन ठेवतं, आणि रेडियम-२२६ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १६०० वर्षं! जबड्याची हाडं सडली, ॲनिमिया झाला, पुढे हाडांचे कर्करोग झाले. हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरने १९२५ मध्ये याची वैद्यकीय मांडणी केली. रेडियम शरीरात किती असलं तर चालेल याची पहिली मर्यादा १९४१ मध्ये अमेरिकेत ठरली, ०.१ मायक्रोक्युरी. ती ठरवायला आधार होता तो याच मुलींच्या शरीरात मोजलेल्या रेडियमचा. आज आपण जे नियम पाळतो त्यांच्या तळाशी त्यांची हाडं आहेत, हे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो.

आता तुमचं आयोडीन-१२५. अर्धायुष्य सुमारे ५९ दिवस. त्यातून निघणारे फोटॉन इतके दुबळे की शिशाचा पातळ पत्राही पुरतो. म्हणजे बाहेरून अडवायला सोपं. पण ते उडतं. व्हायलमधलं सोडियम आयोडाइडचं द्रावण मुद्दाम अल्कधर्मी ठेवलेलं असतं, कारण आम्ल लागलं की आयोडीन वाफ होऊन सुटतं. गोठवल्यावरही तसंच होतं, म्हणून ती व्हायल फ्रीझरमध्ये ठेवत नाहीत. सांडलं तर ब्लीच मुळीच ओतू नका. ब्लीच आयोडाइडचं ऑक्सिडीकरण करून नेमकं तेच आयोडीन हवेत सोडतं. त्याऐवजी सोडियम थायोसल्फेटचं द्रावण टाका, मग पुसा.

लेबलिंगच्या, म्हणजे अँटिबॉडीला आयोडीन जोडायच्या, दिवशी सगळ्यात नाजूक क्षण म्हणजे व्हायल उघडणं, कारण झाकणाखालच्या मोकळ्या जागेत वाफ साठलेली असते. व्हायल वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच, काच खाली ओढून उघडायची. जमत असेल तर झाकण न काढता रबरातून सुई घालूनच द्रावण काढायचं आणि आतली हवा कोळशाच्या फिल्टरमधून जाऊ द्यायची. क्लोरामाइन-टी हे रसायन घालून आयोडीन जोडायची अभिक्रिया सुरू केली की आयोडीनला मोकळं व्हायची पुरती संधी असते. मेटाबायसल्फाइट घालून ती थांबवेपर्यंत डोकं हूडबाहेर. हातमोजे दोन थरांचे, वरचा थर वारंवार बदलायचा. मग एक ते तीन दिवसांत थायरॉइडची मोजणी करून घ्यायची. गळ्यासमोर डिटेक्टर धरून काही मिनिटं बसायचं, बस्स. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ती मोजणी देईल. तुमच्या लॅबमध्ये ती होते का, हे रुजू व्हायच्या आधीच विचारा. होत नसेल तर लेबलिंग करू नका.

तिरकीरेघ

गायगर यांचं वाचलं. फॉस्फरस-३२ बद्दल मी लिहिते, बरंच काम केलंय त्याच्यावर.

याचा स्वभाव आयोडीनच्या अगदी उलट. उडत नाही, पण त्याचे बीटा कण हवेत ६ मीटरपर्यंत जातात आणि त्वचेत ८ मिलिमीटर शिरू शकतात. नवखा माणूस शिशाचा ठोकळा शोधायला धावतो. तसं करायचं नाही! एवढ्या वेगाचा बीटा कण शिशासारख्या जड मूलद्रव्यात अडखळला की क्ष-किरण निघतात. १ सेंटिमीटर जाडीचं ॲक्रिलिक सगळे बीटा कण थांबवतं. साठा मोठा असेल तर आत ॲक्रिलिक आणि त्याच्या बाहेर शिसं, हाच क्रम.

उघड्या व्हायलच्या बरोबर वरून कधी डोकावू नका. डोळ्याच्या भिंगाला ते बीटा थेट लागतात. आणि ट्यूब बोटांत धरायची नाही, चिमट्याने धरायची. हात ३ सेंटिमीटरवरून ३० वर गेला तर मात्रा साधारण शंभरपट कमी होते. मीटर चालू करून बेंचवरच ठेवायचा, अधूनमधून हातमोजे त्याच्यासमोर धरायचे. टकटक वाढली की हातमोजा तिथेच काढायचा, दाराच्या कडीला हात लागायच्या आत.

कोरा_कागद

बाप रे, दोघांचेही मनापासून आभार. ब्लीचचं कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या बेंचखाली ब्लीचची बाटली ठेवलेली मी पाहिली आहे, पेशींच्या कामासाठी असावी.

गायगर, हाच मीटर आयोडीनला चालेल का?

गायगर

साध्या गायगर मीटरला आयोडीन-१२५ फार कमी दिसतं. पातळ सोडियम आयोडाइड स्फटिकाचा डिटेक्टर मागून घ्या. आणि कुणी ट्रिटियम वापरत असेल तर त्याला कुठलाच हातातला मीटर उपयोगाचा नाही. कागदाच्या गोल तुकड्याने जागा पुसायची आणि तो लिक्विड सिंटिलेशन काउंटरमध्ये मोजायचा. मीटर गप्प आहे म्हणून जागा स्वच्छ आहे असं ट्रिटियमच्या लॅबमध्ये कुणी म्हणालं, तर मी तिथलं काम थांबवतो.

ब्लीचची बाटली त्या बेंचखालून हलवायला सांगा.

सांख्यिकी

तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो. रोगपरिस्थितीविज्ञान, म्हणजे लोकसमूहांत कुठला रोग किती आणि का होतो याचा अभ्यास, हा माझा विषय, त्यामुळे थोडं लांबेल.

सगळ्यात मोठा आधार हिरोशिमा आणि नागासाकीचा. १९५० पासून सुमारे १,२०,००० माणसांचा मागोवा घेतला जातोय. त्यातले सुमारे २७,००० जण स्फोटाच्या वेळी शहरात नव्हते, ते तुलनेसाठी. आधी रक्ताचा कर्करोग वाढलेला दिसला, काही वर्षांतच. घन गाठींचे कर्करोग मात्र दहा वर्षांनंतर हळूहळू वर येत गेले आणि आयुष्यभर येत राहिले. लहान वयात मात्रा मिळालेल्यांना धोका जास्त. वाचलेल्यांना नंतर झालेल्या ७० हजारांहून अधिक मुलांचाही अभ्यास झाला. त्यांच्यात आनुवंशिक दोष वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. हा निष्कर्ष फार कमी लोकांपर्यंत पोचलाय. वाचलेल्यांच्या मुलांना लग्न जमवताना जो त्रास सोसावा लागला, तो विज्ञानाच्या आधारावर नव्हता.

पण तिथे मात्रा मिळाली एका क्षणात. लॅबमध्ये ती थेंबाथेंबाने, वर्षानुवर्षं मिळते. म्हणून फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या अणुउद्योगातल्या ३ लाखांहून अधिक कामगारांचा इनवर्क्स हा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. २०२३ मध्ये त्याचे नवे निष्कर्ष आले: घन कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत दर १ ग्रेला (शरीरात शोषलेल्या मात्रेचं एकक) ५२ टक्के वाढ. आकडा ऐकून छाती दडपते, पण १ ग्रे म्हणजे १००० मिलिग्रे. त्या कामगारांची सगळ्या नोकरीत मिळून सरासरी मात्रा २० मिलिग्रेच्या आसपास. त्या मात्रेला वाढ साधारण १ टक्का पडते. एखाद्या माणसात ती कधीच दिसणार नाही, लाखोंच्या गटात दिसते.

तुलनेला एक आकडा: निसर्गातून, म्हणजे जमीन, रेडॉन वायू, अवकाशातले किरण आणि आपलं अन्न यांतून, जगाच्या सरासरीने माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात (सिव्हर्ट म्हणजे शरीरावरच्या परिणामाच्या हिशोबाने मोजलेली मात्रा). किरणोत्सर्गाशी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाची मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कुठल्याही एका वर्षात ५० पेक्षा जास्त नाही. सामान्य जनतेसाठी वर्षाला १. देशोदेशीचे नियामक याहून कडक आकडा लावू शकतात. चांगल्या चालणाऱ्या जीवशास्त्राच्या लॅबमध्ये बहुतेकांचा वार्षिक आकडा या मर्यादेच्या आसपासही फिरकत नाही.

पानगळ

सांख्यिकी, आदर ठेवून असहमती नोंदवतो. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूत थोरियम आहे. तिथल्या काही भागांत नैसर्गिक किरणोत्सर्ग जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट आहे. सुमारे ७० हजार लोकांचा तिथला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. फ्रान्सच्या विज्ञान आणि वैद्यक अकादमींनीही २००५ मध्ये, अगदी कमी मात्रेला सरळ रेषेचा हिशोब (मात्रा जितकी कमी तितकाच धोका कमी, पण शून्य कधीच नाही) लावण्यावर आक्षेप घेतला होता. पेशी डीएनए दुरुस्त करतात हे पाठ्यपुस्तकात आहे. मग प्रत्येक मिलिसिव्हर्टला जणू विष मानून लोकांना घाबरवायचं कशाला? या भीतीपायी रुग्ण आवश्यक तपासण्याही टाळतात, हे मी स्वतः पाहतो.

सांख्यिकी

पानगळ, रुग्ण तपासणी टाळतात ही तुमची तळमळ खरी आहे आणि त्याबाबत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे.

केरळचा अभ्यासही चांगला आहे. पण "वाढ दिसली नाही" याचा अर्थ लावताना, दिसण्याजोगी वाढ किती असती, हे पाहावं लागतं. वर इनवर्क्समध्ये १ टक्क्याची वाढ पकडायला ३ लाख माणसं आणि अनेक दशकं लागली. ७० हजार माणसांत, सुमारे दहा वर्षांत, तेवढी वाढ असली तरी ती आकड्यांच्या चढउतारात हरवते. पेशी दुरुस्ती करतात हे खरं. ती दुरुस्ती कधीकधी चुकीची होते हेही खरं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या समितीने २००६ मध्ये सगळा पुरावा तपासून सरळ रेषाच राखली. तिथल्या अणुनियामकाकडे ती रेषा सोडा म्हणून २०१५ मध्ये अर्ज आले होते, ते २०२१ मध्ये फेटाळले गेले.

सरळ रेषा निसर्गनियम आहे असा माझा दावा नाही. नियम आखायला ती सगळ्यात प्रामाणिक पायरी आहे. आंतरराष्ट्रीय आयोगाचा ढोबळ हिशोब धरला तर १ मिलिसिव्हर्टमागे लाखात साधारण ५ जणांना जादा धोका. याने कुणी घाबरून जाऊ नये. पण ज्या मात्रेचा काही उपयोगच नाही, ती कुणाच्या अंगावर का घालायची?

पानगळ

शेवटच्या वाक्याशी सहमत. बाकी मुद्द्यावर माझं मत राखून ठेवतो.

समईचा_उजेड

माझी मुलगी अशाच लॅबमध्ये आहे आणि आता तिला दिवस गेलेत. तिने अजून लॅबमध्ये सांगितलेलं नाही, काम काढून घेतील म्हणून. काय करावं?

गायगर

ताई, तिला आजच सांगायला सांगा. कळवलं की गर्भासाठी वेगळी मर्यादा लागू होते: उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्ट. पोटाच्या पातळीवर जादा बॅज देता येतो आणि तो वरचेवर वाचता येतो. बऱ्याच कामांत फारसा बदल करावाही लागत नाही, फक्त काही कामं दुसऱ्याकडे जातात. आयोडीनचं लेबलिंग त्यात पहिलं. गर्भाची थायरॉइड साधारण तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपासून आयोडीन ओढू लागते आणि आईच्या शरीरातलं आयोडीन वारेतून पलीकडे जातं.

जगातल्या बहुतेक नियमावल्यांत स्पष्ट आहे की गरोदरपण कळवलं म्हणून तिला कामावरून दूर करायचं कारण नाही. तिच्या वरिष्ठांनी तसं केलं तर सुरक्षा अधिकाऱ्याने तिच्या बाजूने उभं राहायला हवं, आणि मी तिथे असतो तर राहिलो असतो. आजवरच्या बॅजच्या नोंदी मागून घ्या. नव्वद टक्के काळजी तो कागद पाहूनच उतरेल.

दुसरी_पाळी

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये तंत्रज्ञ आहे. वर सगळी चर्चा बेंचवरच्या कामाची चाललीय, म्हणून माणसांवरच्या संशोधनाचं थोडं लिहिते.

पेट स्कॅनच्या अभ्यासात आम्ही फ्लोरिन-१८ देतो. अर्धायुष्य ११० मिनिटं, त्यामुळे सगळी घाई. त्याचे गॅमा किरण ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे, त्यांना पातळ शिसं जुमानत नाही. सिरिंजला टंगस्टनचं जाड कवच लावतो. ते जड असतं, शीर शोधताना अडचण होते, म्हणून घाईत काही जण ते काढून ठेवतात. असं करू नका, ही माझी हात जोडून विनंती. बोटात घालायच्या अंगठी-डोसिमीटरचा स्फटिक तळहाताच्या बाजूला हवा, सिरिंज तिकडे असते. पुष्कळ जण अंगठीतल्या खड्यासारखा तो वर ठेवतात आणि आकडा कमी येतो. बोटाच्या टोकाला तर त्याहून जास्त मात्रा बसते. ओरामेड या युरोपीय प्रकल्पात ती अंगठीच्या आकड्याच्या सुमारे ६ पट असू शकते असं निघालं.

आमच्याकडे वेग हीच मोठी ढाल आहे. नवीन माणसाला आधी रंगीत पाण्यावर, नुसत्या सलाइनवर सराव करायला लावतो. हात बसला की मगच खरा डोस. कोरा_कागद, तुम्हीही पहिलं लेबलिंग साध्या, किरणोत्सर्ग नसलेल्या आयोडाइडवर करून बघा. कुठे हात अडखळतो ते तिथेच कळतं.

उंबरठा

माणसांवरच्या संशोधनाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी नीतिसमितीवर काम करते.

१९४५ ते १९४७ या काळात अमेरिकेत १८ रुग्णांच्या शरीरात प्लुटोनियम टोचलं गेलं. ते शरीरातून किती वेगाने बाहेर पडतं हे अणुकार्यक्रमाला हवं होतं. काय टोचतोय हे त्या माणसांना सांगितलं नव्हतं. मॅसेच्युसेट्समधल्या फर्नाल्ड या संस्थेत १९४६ ते १९५३ दरम्यान मुलांना किरणोत्सारी लोह आणि कॅल्शियम घातलेला ओटचा नाश्ता दिला गेला. त्यासाठी त्यांचा 'सायन्स क्लब' केला होता. पालकांना गेलेल्या पत्रात किरणोत्सर्गाचा उल्लेख नव्हता. तिथल्या मात्रा लहान होत्या, पुढे त्या तपासल्याही गेल्या. माझ्या मते अन्याय मात्रेच्या आकड्यावर ठरत नाही. त्या मुलांना नकार द्यायची सोय नव्हती, एवढं मला पुरेसं आहे. १९९५ च्या चौकशी समितीच्या अहवालात हे सगळं नोंदलेलं आहे.

आता आमच्यासमोर एखादा प्रस्ताव आला की पहिला प्रश्न असतो, स्वयंसेवकाला जादा मात्रा किती? आंतरराष्ट्रीय आयोगाने त्याच्या पायऱ्या दिल्या आहेत: ०.१ मिलिसिव्हर्टच्या खाली, ०.१ ते १, १ ते १०, आणि १० च्या वर. जसजसं वर जावं तसतसा त्या संशोधनाचा समाजाला होणारा फायदा मोठा असावा लागतो. १० च्या वर गेलं तर तो थेट जीव वाचवण्याशी किंवा गंभीर आजाराशी निगडित हवा. संमतीपत्रात 'अल्प किरणोत्सर्ग' असं मोघम लिहिलेलं मी परत पाठवते. निसर्गातून किती महिन्यांत तेवढी मात्रा मिळते ते लिहा म्हणते. वाचणाऱ्याला काहीतरी धरायला हवं ना.

गायगर

उंबरठाताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं.

मला एका गोष्टीची सगळ्यात जास्त चिंता वाटते आणि तिच्यावर अजून कुणी बोललेलं नाही. प्रकल्प संपतो, प्राध्यापक निवृत्त होतात आणि स्रोत कपाटात राहतो.

सप्टेंबर १९८७, ब्राझीलमधलं गोयानिया. सोडून दिलेल्या रेडिओथेरपी क्लिनिकमधून यंत्राचा भाग भंगारासाठी उचलला गेला. आत ५०.९ टेराबेक्वेरेल (किरणोत्साराचं एकक) सीझियम-१३७, क्लोराइडच्या रूपात, म्हणजे मिठासारखी पूड. अंधारात निळी चमकते म्हणून लोकांनी ती घरी नेली, नातेवाइकांना वाटली. ४ माणसं गेली, त्यात एक लहान मुलगी. १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली, २४९ जणांवर किंवा त्यांच्या शरीरात सीझियम सापडलं. शरीरातलं सीझियम बाहेर काढायला प्रशियन ब्लू दिलं गेलं, ते आतड्यात सीझियम धरून ठेवतं.

आणि २०१० मध्ये दिल्लीतलं मायापुरी. तिथला स्रोत तर संशोधनाचाच होता. एका विद्यापीठातलं कोबाल्ट-६० चं इरॅडिएटर, म्हणजे किरणांचा मारा करणारं यंत्र, १९८५ पासून न वापरता पडून होतं, ते भंगारात विकलं गेलं. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. २५ वर्षांत मूळ स्रोताचा साधारण २७ वा भाग उरतो. तेवढ्यानेही एका कामगाराचा जीव गेला आणि इतर काही जणांना गंभीर इजा झाली. "जुना झालाय, आता काय उरलं असेल" असं कुणी म्हणालं की मी हा हिशोब कागदावर मांडून दाखवतो.

यावर उपाय निघताहेत. रक्त आणि पेशींवर मारा करायला सीझियमऐवजी क्ष-किरण यंत्रं आली आहेत. नॉर्वे आणि फ्रान्सने रक्तपेढ्यांतली सीझियमची यंत्रं बदलली. क्ष-किरण यंत्र बंद केलं की धोका संपला, टाकून द्यायला स्रोत उरत नाही. शक्य असेल तिथे संशोधकांनी हाच पर्याय मागावा असं माझं स्पष्ट मत आहे.

कोरा_कागद

गायगर, तुमचं वाचून आज लॅबमधल्या स्रोतांची नोंदवही पाहायला मागितली. त्यातल्या दोन व्हायलसमोर जागाच लिहिलेली नाही. फॉस्फरसच्या आहेत, बऱ्याच जुन्या. शिवाय कचऱ्याच्या खोलीत सगळं एकाच ड्रममध्ये दिसलं: फॉस्फरस, आयोडीन, आणि बहुतेक ट्रिटियमच्या ट्यूबसुद्धा. हे बरोबर आहे का?

गायगर

नाही. पण घाबरू नका, निस्तरता येईल.

कचरा अर्धायुष्यानुसार वेगळा ठेवायचा असतो. १० अर्धायुष्यं गेली की मूळचा १०२४ वा भाग उरतो. फॉस्फरस-३२ ला त्यासाठी १४३ दिवस लागतात, आयोडीन-१२५ ला जवळपास २० महिने, सल्फर-३५ ला २ वर्षं आणि ५ महिने. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, त्याची वाट पाहत बसता येत नाही, तो कचरा वेगळ्या मार्गाने जातो. ट्रिटियमची एक ट्यूब फॉस्फरसच्या ड्रममध्ये पडली की अख्खा ड्रम ट्रिटियमचा होतो. आधी त्या ड्रमवर चिठ्ठी लावा, त्यात आणखी काही टाकू नका, आणि तुमच्या सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवा. तोंडी नको.

१० अर्धायुष्यं झाली तरी मोजल्याशिवाय काही बाहेर जात नाही. सुरुवातीला १०० मेगाबेक्वेरेल असेल तर ०.१ अजून उरलेलं असतं. बॅकग्राउंडइतकं, म्हणजे आजूबाजूच्या नैसर्गिक पातळीइतकं, आलं की मगच सोडायचं.

व्हायल शोधताना फ्रीझर तळापासून रिकामा करा, खोक्यांच्या मागे मीटर फिरवा. खरंच जुन्या असतील तर मीटरला दिसणार नाहीत, लेबल वाचूनच सापडतील. सापडल्या की दोन माणसांच्या सहीने नोंद.

तिरकीरेघ

एक भर: कचरा सोडताना किरणोत्सर्गाचं पिवळं-किरमिजी तीन पात्यांचं चिन्ह प्रत्येक ट्यूबवरून खोडा किंवा काढून टाका. साध्या कचऱ्यात ते चिन्ह गेलं तर तिथले सफाई कामगार उगीच धास्तावतात. आणि वारंवार तसं गेलं तर ते चिन्हाकडे बघणंच सोडून देतात. कामाच्या शेवटी कंटाळा येतो, पण जाड काळा मार्कर बेंचवर बांधूनच ठेवा.

कोरा_कागद

अधिकाऱ्यांना लेखी कळवलं. उद्या ते ड्रम पाहायला येताहेत, मला सोबत थांबायला सांगितलंय. थायरॉइडच्या मोजणीचंही विचारलं: सोय आहे, पण मागितल्याशिवाय कुणी करून देत नाही म्हणे. मी कामाच्या आधीची पहिली मोजणी करून घेतेय, म्हणजे पुढच्या आकड्यांना तुलना मिळेल.